फूल हवेत, रक्त जोरात!

राहाता म्हटलं की पेरूच्या बागा आठवतात आणि शेजारची शिर्डी. बॅडमिंटन कुणाला आठवत नाही. पण दोन खांब, एक जाळी आणि संध्याकाळचा तासभर एवढ्यावर रक्तात आणि स्नायूंत बरीच धमाल घडते. पेरूचा नंबरही येतोय, थांबा.

खेळ आपल्याच मुलखातला
१८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ इतके खेळत, की त्याचं एक नाव ‘पूना’च पडलं. पुढे १९५६ मध्ये सांगलीच्या नंदू नाटेकरांनी मलायातली सेलंगर स्पर्धा जिंकली. परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू.

पोहणाऱ्यांनाही मागे टाकलं
इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ८०,३०६ प्रौढांच्या पाहणीत रॅकेटचे खेळ खेळणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ५६ टक्के कमी आढळले. पोहणाऱ्यांत ४१ टक्के. कोपनहेगनच्या अभ्यासात, बैठं आयुष्य जगणाऱ्यांपेक्षा बॅडमिंटनवाल्यांचं आयुर्मान ६.२ वर्षांनी आणि टेनिसवाल्यांचं ९.७ वर्षांनी जास्त निघालं. हे सगळं श्रेय रॅकेटला देता येत नाही. खेळणारे मुळात सुखवस्तूही असू शकतात.

पोटरीतला पंप
नेटकडे झेप घेताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायात साचलेलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणून पोटरीला ‘दुसरं हृदय’ म्हणतात. रक्ताचा वेग वाढला की रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिन्या सैलावतात.

साखरेला मागचं दार
काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो. खेळ संपल्यावरही स्नायू इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतात. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणून रविवारी एकदाच घाम गाळण्यापेक्षा दिवसाआड खेळणं फायद्याचं.

रिपोर्ट पाहून दचकू नका
नियमित व्यायामाने रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. तांबड्या पेशी पुरेशा असूनही हिमोग्लोबिनचा आकडा किंचित उतरलेला दिसू शकतो. मात्र दम लागत असेल, थकवा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

एक हात दणकट
१९७७ मध्ये टेनिसपटूंच्या हातांचे एक्स-रे तपासले, तेव्हा पुरुषांच्या खेळत्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड निघाली. स्नायूने ओढ दिली की हाडही भक्कम होतं!

भाकरी खा, वर पेरू
हिमोग्लोबिनला लोह हवं, ते बाजरीत आहे. शेजारच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हात लागलेलं ‘धनशक्ती’ हे बाजरीचं वाण तर खास लोहासाठीच तयार झालं. पण धान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत लागते, आणि पेरूत ते संत्र्याच्या कितीतरी पट असतं. जेवणासोबत पेरूच्या चार फोडी, आणि चहा मात्र तासाभराने. तो लोहाची वाट अडवतो.

पहिल्या सर्व्हिसआधी
चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, तर आधी तपासणी करून घ्या. दहा मिनिटं अंग मोकळं करा. पहिल्याच दिवशी स्मॅशचा हट्ट नको. आणि छातीत दुखलं, तर गेम कितीही रंगलेला असो, रॅकेट खाली ठेवा.