मूळ गाव कोणतं?

आमच्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत नवा पाहुणा आला, की चहा पुढे येण्यापूर्वी एक प्रश्न हमखास येतो : “तुमचं मूळ गाव कोणतं?” ज्यांच्या चार पिढ्यांनी कृष्णाकाठ डोळ्यांनी पाहिलेला नाही, तेही याचे उत्तर क्षणाचा विलंब न लावता देतात. गावचे घर पडले, शेतात दुसऱ्याचा नांगर फिरू लागला, तरी ते नाव घराण्याला चिकटून राहते. त्यावरून विचारणारा मनातल्या मनात पाहुण्याची जागा ठरवतो आणि मग गप्पा सुरू होतात.

हाच प्रश्न मध्यंतरी आम्ही भेस्तानला एका मुलाला विचारला आणि पंचाईत झाली.

मुंबईच्या वाटेवर सुरतेनंतर उधना आणि सचिन यांच्या मध्ये भेस्तान हे स्टेशन लागते. एके काळचे हे लहान गाव आता सुरत शहराच्या पोटात गेले आहे. आसपास कापडाचे माग, रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्त्या. उधन्याहून निघणारी तापीकाठची रेल्वे थेट नंदुरबार-जळगावला जाते. त्याच वाटेने खानदेशातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी इकडे आली आणि राहिली. आमच्या एका स्नेह्यांचे शेजारी असेच धुळे जिल्ह्यातले. वडील मागावर कामाला, आई घरी अहिराणी बोलते, मुलगा तेरा वर्षांचा. गल्लीत गुजराती, मित्रांत हिंदी, पाहुण्यांशी पुस्तकी मराठी, अशा चार भाषा तो सहज बोलत होता. “तुझं मूळ गाव कोणतं रे?” असे विचारताच मात्र तो आधी आईकडे, मग वडिलांकडे पाहू लागला आणि हळूच म्हणाला, “कोणतं सांगू?”

आम्ही हसलो, पण मुलगा हसला नाही. परतीच्या प्रवासात त्याचे ते दोन शब्द डोक्यातून जाईनात.

माणसाचा स्वभाव घडतो तरी कसा, या प्रश्नाला व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने दिलेले उत्तर आता सुशिक्षितांच्या चांगले परिचयाचे आहे. त्याने मनाचे तीन भाग कल्पिले : हवे ते आत्ताच मागणारा ‘इदम्’, घरातल्या वडीलधाऱ्यांचा धाक आत जाऊन बसलेला ‘पराहम्’, आणि या दोघांच्या ओढाताणीत व्यवहार सांभाळणारा बिचारा ‘अहम्’. पहिल्या पाचसहा वर्षांतच या भांडणाची दिशा ठरते, पुढचे आयुष्य म्हणजे बव्हंशी त्याचीच उजळणी, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. आपल्या देशात हे शास्त्र लवकर रुजले. कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, आणि फ्रॉइडशी पत्रव्यवहार करताना स्वतःचे मतभेदही त्यांनी निःसंकोच मांडले.

पण भेस्तानच्या मुलाचा प्रश्न फ्रॉइडच्या पाळण्यापाशी सुटत नाही. त्याच्या घरी माया आहे, शिस्त आहे, आईबाप दोन्ही आहेत. त्याचे अडते ते उंबरठ्याच्या बाहेर पाऊल टाकल्यावर. येथे फ्रॉइडच्या परंपरेतलाच एक शिष्य उपयोगी पडतो. त्याचे नाव एरिक एरिक्सन.

एरिक्सनचा जन्म १९०२ चा, जर्मनीतला. जन्मदाता बाप त्याला कधीच कळला नाही. सावत्र वडील ज्यू डॉक्टर होते, त्यांचे होम्बर्गर हे आडनाव त्याला लागले. हा मुलगा उंच, गोरापान, निळ्या डोळ्यांचा. त्यामुळे प्रार्थनामंदिरात मुले त्याला परका म्हणून चिडवीत, आणि शाळेत ज्यू म्हणून. पुढे व्हिएन्नात ॲना फ्रॉइडच्या हाताखाली तो शिकला, १९३३ मध्ये अमेरिकेत गेला आणि १९३९ च्या सुमारास तिथला नागरिक होताना ‘एरिक्सन’ हे आडनाव त्याने स्वतःच घेतले. ज्याला दोन्हीकडून ‘तू आमचा नव्हेस’ असे ऐकावे लागले, त्याने ‘ओळख’ या शब्दावर आयुष्य वेचावे, यात नवल ते काय?

१९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने आयुष्याच्या आठ पायऱ्या मांडल्या. तान्हेपणी विश्वास, रांगता-चालता झाल्यावर स्वतंत्रपणा, मग पुढाकार, शाळेच्या वयात हाताला काम जमल्याचा आनंद, पौगंडावस्थेत ‘मी कोण’ याचे उत्तर, तारुण्यात जवळीक, प्रौढपणी पुढच्यांची जोपासना आणि म्हातारपणी कृतार्थता. प्रत्येक पायरीवर घसरण्याचा धोका असतो, पण मागे राहून गेलेले पुढे भरून काढण्याची सोयही असते. त्याचे खरे सांगणे असे, की ‘मी कोण’ याचे उत्तर एकट्या मुलाला देता येत नाही. भोवतालच्या समाजानेही “होय, तू आमचा” असे म्हणावे लागते. टाळी एका हाताने वाजत नाही, तसेच हे.

याचा ठळक दाखला आपल्या बडोद्याखेरीज दुसरीकडे कशाला शोधायचा? नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे खेडे आहे. खानदेशच्या सीमेलगतच्या त्या मुलखातून १८७५ साली बारा वर्षांचा, अक्षरओळख नसलेला गोपाळराव बडोद्यात आला. महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले. आई बदलली, नाव बदलले, कपडे बदलले, भोवती भाषाही दुसरी. एलियटसाहेबांच्या देखरेखीखाली श्रीगणेशापासून अभ्यास सुरू झाला आणि १८८१ च्या अखेरीस सयाजीरावांनी राज्याची सर्व सूत्रे हाती घेतली. एवढ्या उलथापालथीत एखादा मुलगा कायमचा बावचळून गेला असता. हा का गेला नाही? कवळाण्याच्या घरात मिळालेला विश्वास पाठीशी होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे येथे आल्यावर सर्वांनी त्याला ‘तू इथलाच’ म्हणून हाताशी धरले. पुढे १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये राज्यभर याच महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. बाराव्या वर्षी पाटी हाती धरलेल्या मुलाचे ऋण त्यांनी असे फेडले, असे म्हणण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

हा मोह धोक्याचाही आहे, हे कबूल केले पाहिजे. जो समोर बसून बोलू शकत नाही, त्याचे मन उलगडणे सोपे, कारण तो ‘नाही’ म्हणत नाही. एरिक्सनवरही हा आक्षेप आला. १९६२ साली तो अहमदाबादेस आला असता गांधीजींनी १९१८ मध्ये चालविलेल्या गिरणी संपाने त्याला झपाटले. एका बाजूला मालक अंबालाल साराभाई, दुसऱ्या बाजूला मजुरांची कैवारी त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन, आणि मध्ये गांधीजींचा उपवास! त्यावरचा त्याचा ‘गांधीज् ट्रूथ’ हा ग्रंथ १९६९ मध्ये निघाला व पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात त्याने मध्येच दिवंगत महात्माजींना उद्देशून एक लांबलचक पत्र लिहिले आहे. बहुधा त्यालाही एकतर्फी बोलणे खटकत असावे. पाश्चात्त्य घरांवर बेतलेल्या या पायऱ्या आपल्या एकत्र कुटुंबाला कितपत लागू पडतात, याचा शोध पुढे सुधीर कक्कर यांनी ‘द इनर वर्ल्ड’ या १९७८ च्या ग्रंथात घेतला.

तरीही गांधीजींची आठवण येथे अस्थानी नाही. १९३० च्या एप्रिलच्या आरंभी दांडीकडे जाताना ते सुरतेहून भेस्तानजवळच्या डिंडोलीवरूनच पुढे गेले. तेव्हा त्यांचे वय साठ. राजकोटचा लाजाळू मुलगा, लंडनमधला विद्यार्थी, १८९३ मध्ये आफ्रिकेतील आगगाडीतून खाली उतरविलेला तेवीस वर्षांचा बॅरिस्टर, हे सारे एकाच माणसात सामावायला किती वर्षे लागली! आज त्याच डिंडोलीत कानावर अहिराणी पडते.

आता थोडे आमच्याविषयी. त्या मुलाला गाव विचारताना आमच्या स्वरात नुसते कुतूहल नव्हते, तोलणेही होते. ‘खानदेशाकडची मंडळी’ हे शब्द आपल्या दिवाणखान्यांतून कोणत्या सुरात उच्चारले जातात, हे वाचकांस सांगायला नको. आपले पूर्वज दमाजींच्या मागून घोड्यावर आले आणि हे रेल्वेने आले, फरक एवढाच. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते, ही समाधानाची गोष्ट. पण शाळा अक्षरे देईल, ‘आमचा’ हा शब्द माणसांनीच द्यायचा असतो, आणि तो देणाऱ्यांत जुन्या मराठी घरांचा क्रम पहिला लागायला हवा.

निघताना तो मुलगा आम्हांला पोहोचवायला स्टेशनवर आला होता. गाडीला उशीर होता. त्याने विचारले, “काका, तुमचं मूळ गाव?” आम्ही सवयीने साताऱ्याकडचे एक नाव सांगितले.

“तिथं कोण असतं?”

“आता कोणी नाही.”

“मग तुम्ही बडोद्याचेच की,” तो म्हणाला.

आमच्या घराण्याला हे इतक्या सरळपणे आजवर कोणी सांगितले नव्हते. “आणि तू भेस्तानचा,” आम्ही म्हटले. या खेपेस मात्र तो मोकळेपणाने हसला.