घर घेण्यापूर्वी अंगणाचे पाणी पाहावे

घर पाहावयास गेलो म्हणजे आपण माजघर, देवघर, स्वयंपाकघर हौसेने न्याहाळतो. परंतु अंगणातील पाणी कोठे जाते, हा प्रश्न बहुधा खरेदीखत झाल्यावर, आषाढात सुचतो. साऱ्या कुटुंबाची पुंजी जेथे गुंतावयाची, तेथे तो इसार देण्यापूर्वीच विचारावा, असे आमचे मत आहे.

हिशेब साधा आहे. ३०० चौरस फुटांच्या अंगणात एक इंच पाऊस पडला, की सुमारे ७०० लिटर पाणी येते, पागोळ्यांचे निराळेच. फरशीचा उतार घराकडे असला, तर ते जोत्यात मुरते व भिंतींस ओल येते. उतार घरापासून बाहेर, दहा फुटांस निदान दोन इंच असावा. भिंतीच्या पायथ्याशी लोणा, फुगलेला गिलावा किंवा तेवढ्याच भागास नवा रंग दिसला, तर सावध व्हावे. दोन-चार बादल्या पाणी ओतून पाहण्यात संकोच कसला?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वये, विरुद्ध करार नसल्यास, साधारण दक्षतेने खरेदीदारास न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. उघड दिसणारा दोष पाहणे मात्र आपलेच काम. पाणी शेजाऱ्याच्या जागेतून जात असेल, तर त्यास कागदाचा अथवा जुन्या वहिवाटीचा आधार आहे, की नुसती तोंडी संमती, हेही विचारावे.

फरशी पुन्हा बसविता येते, बुजलेली मोरी मोकळी होते. पण तो खर्च किमतीतून वजा करून घेण्याची वेळ सहीपूर्वीचीच होय.