सायटिका आणि लहान मुलांच्या कमरेतील इंजेक्शन

‘सायटिका’ हा शब्द घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी नेहमीच असतो. बालरोगतज्ज्ञाने त्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या मज्जातंतूवरून या दुखण्याला हे नाव मिळाले, त्यालाच इजा होऊन पाऊल लुळे पडलेली मुले आमच्याकडे येतात. त्यांचे हे अपंगत्व बहुतांशी टाळता येण्याजोगे असते, म्हणून हा लेखनप्रपंच.

सायटिक हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू होय. कमरेच्या खालच्या मणक्यांतून आणि त्याखालील त्रिकास्थीतून निघालेल्या पाच मुळ्या एकत्र येऊन तो बनतो, कुल्ल्याच्या स्नायूंखालून मांडीच्या मागे उतरतो आणि गुडघ्याच्या वर दुभंगतो. एक शाखा पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंकडे जाते, दुसरी पोटरी व तळपायाकडे. प्रौढांत मणक्यांमधील गादी सरकून यांपैकी एखादी मुळी दाबली गेली की कमरेपासून पावलापर्यंत कळ जाते. हा कार्यकारणभाव मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी 1934 साली स्पष्टपणे मांडला. आयुर्वेदात यालाच गृध्रसी म्हणतात. रुग्णाची चाल गिधाडासारखी होते, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. वेदनाशामक औषधे, बेताची हालचाल व पुढे व्यायाम यांनी बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. लघवी अडणे किंवा बैठकीची जागा बधिर होणे, ही लक्षणे दिसली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मुलांत गादी सरकणे विरळाच. मुलाची कंबर व पाय सतत दुखत असतील, सोबत ताप असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर मणक्याचा क्षय, जंतुसंसर्ग वा गाठ यांचा शोध घ्यावा लागतो. ‘सायटिका असेल’ म्हणून शेक देत बसू नये.

आता मूळ विषयाकडे वळू. आपण ज्याला ‘कमरेत दिलेले इंजेक्शन’ म्हणतो, ते प्रत्यक्षात कुल्ल्यात दिलेले असते. तान्ह्या मुलाचा कुल्ला लहान, स्नायू पातळ आणि मज्जातंतू जवळ. त्यातून मूल आईच्या मांडीवर तडफडत असते. कुपोषित बालकात तर सुई व मज्जातंतू यांच्यामध्ये फारसे काही उरतच नाही. नुसत्या टोचण्याने होणारी इजा बहुधा मर्यादित असते. खरा घात होतो तो औषध मज्जातंतूच्या आत शिरल्याने. पेनिसिलीन, डायक्लोफेनॅक, क्विनीन यांसारख्या औषधांनी आतील तंतू रसायनाने जळावेत तसे नष्ट होतात आणि मागे व्रण उरतो.

हकिगत बहुधा सारखीच असते. साधा सर्दी-ताप, ‘सुई दिल्याशिवाय गुण येत नाही’ असा घरच्यांचा आग्रह, तो पुरा करणारा कोणीतरी, आणि त्याच क्षणी मुलाची विलक्षण किंकाळी. दुसऱ्या दिवशी मूल पाय फरफटत चालते, चप्पल पायातून निसटते. पाऊल उचलणारी शाखा अधिक सहज दुखावते, म्हणून पाऊल खाली लोंबते.

अशा वेळी पालकांच्या मनात पोलिओचे भय येते. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि मार्च 2014 मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. तरीही पंधरा वर्षांखालील मुलाचा कोणताही अवयव अचानक लुळा पडला, तर त्याची नोंद करून शौचाचे दोन नमुने तपासावे लागतात. पालकांनी त्याला विरोध करू नये. फरक असा की पोलिओत स्पर्शज्ञान शाबूत राहते. इंजेक्शनच्या इजेत पावलाला बधिरता असते आणि सुई ज्या बाजूला दिली त्याच बाजूचा पाय लुळा पडतो.

उपचारांत घाई व हयगय दोन्ही घातक. पाऊल काटकोनात धरणारी पट्टी पहिल्याच आठवड्यात बांधावी, नाहीतर टाचेमागची शीर आखडते. सांध्यांना रोज व्यायाम द्यावा. बधिर पावलाला गरम पाण्याचा शेक मुळीच नको, भाजलेले मुलाला कळत नाही. साधारण तीन आठवड्यांनी मज्जातंतूची विद्युत-तपासणी उपयोगी ठरते. तंतू पुन्हा वाढतात ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. म्हणजे 20 सेंटिमीटरचे अंतर कापायला 200 दिवस. तेव्हा पहिल्या महिन्यात फरक नाही म्हणून मालिशवाल्याकडे धाव घेऊ नये. मात्र तीन ते सहा महिन्यांत सुधारणेची काहीच चिन्हे नसतील तर शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. व्रणातून मज्जातंतू मोकळा करता येतो. त्यानेही भागले नाही तर कालांतराने चांगल्या स्नायूची दोरी फिरवून पाऊल उचलते करता येते.

लस मांडीत का देता, असे आया अजूनही विचारतात, त्याचे कारण हेच. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात मोठा मज्जातंतू नाही आणि तान्ह्या मुलातही तिथे पुरेसा स्नायू असतो. पेंटाव्हॅलंट लस आणि दीड वर्षाच्या सुमाराचा त्रिगुणीचा डोस तिथेच देतात. पाच-सहा वर्षांचा डोस दंडात. तापासाठी तोंडाने दिलेले पॅरासिटामॉल बहुतेक वेळा पुरते. इंजेक्शन खरोखरच अटळ असेल, तर ‘मांडीत द्या’ असे म्हणण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे आणि कोणत्याही जाणत्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.