हुकूमशाही सत्तेवर कशी येते? : पत्रादेवीच्या सीमेवरील धडा

बांदा ओलांडले की पत्रादेवी लागते. आज आपण तेथून सहज गोव्यात शिरतो; परंतु १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे धारातीर्थी पडली. सहलीस गेलेले आमचे विद्यार्थी तेथील हुतात्मा स्मारकापुढे हमखास विचारतात : "सर, इंग्रज १९४७ मध्ये गेले, मग पोर्तुगीज का गेले नाहीत?" त्याचे उत्तर लिस्बनच्या इतिहासात दडले आहे.

पोर्तुगाल १९१० मध्ये प्रजासत्ताक झाला. पुढील सोळा वर्षांत तेथे चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. पहिल्या महायुद्धाचे कर्ज, महागाई आणि दंगली यांना लोक विटले. २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. सेनापतींना तिजोरी मात्र सावरेना. त्यांनी १९२८ मध्ये कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक सालाझार यांना अर्थमंत्री केले. आपल्या संमतीशिवाय कोणत्याही खात्याने खर्च करू नये, ही त्यांची अट मान्य झाली. अंदाजपत्रक शिलकी झाले आणि प्राध्यापक राष्ट्राचे तारणहार ठरले. १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले.

१९३३ मध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्यात आले. मतदानास न आलेल्यांची गणना होकारात केली गेली. नागरिकांचे हक्क घटनेत लिहिलेले होते. पण ते आवळण्याची मुभा कायद्याला होती. पुढे संप बेकायदेशीर ठरले, एकच राजकीय संघटना उरली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, गुप्त पोलीस आले. या राजवटीस फॅसिस्ट म्हणावे काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि वाट ओळखीचीच होती. मुसोलिनीला १९२२ मध्ये इटलीच्या राजाने पाचारण केले. हिटलरला १९३३ मध्ये जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षाने नेमले. प्रत्येक वेळी दार आतूनच उघडले गेले.

याची झळ गोव्यालाही बसली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांचा दर्जा खालावला. लुईस दे मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात त्यास विरोध केला. परवानगीवाचून सभा घेणे गुन्हा ठरले. ही बंदी मोडण्यासाठीच १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात उभे राहिले आणि पकडले गेले. जी राजवट स्वत:च्या प्रजेला बोलू देत नव्हती, ती वसाहतीचे म्हणणे काय ऐकणार? १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. खुद्द पोर्तुगालची जनता २५ एप्रिल १९७४ पर्यंत बंदिवासातच होती.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मातील भक्ती एक वेळ मुक्तीकडे नेईल. राजकारणातील विभूतिपूजा मात्र अध:पतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडेच नेते. त्यापुढे त्यांनी सामाजिक लोकशाहीचा आग्रह धरला. कारण विषमतेने पिचलेला, थकलेला समाज तारणहार शोधू लागतो.

म्हणून आमच्या वसतिगृहाच्या विद्यार्थी सभेत ठराव मांडला की होकार आणि नकार मोजून झाल्यावर आम्ही गप्प बसलेल्यांची संख्याही वेगळी नोंदवितो आणि त्यांतील प्रत्येकास त्याचे मत विचारतो. सभा लांबते, मुले कुरकुरतात. परंतु न दिलेले मत कोणाच्या खात्यावर जमा होते, हे ती येथेच शिकतात. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या ग्रामसभेत हा पाठ विसरू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.