प्लेटलेट कायम कमी : उपचार कोणता घ्यावा?

डेंग्यूमुळे 'प्लेटलेट' हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. डेंग्यूत कमी झालेल्या प्लेटलेट ताप उतरल्यावर काही दिवसांत आपोआप वाढतात. परंतु काही रुग्णांत तापाशिवाय महिनोन्‌महिने त्या कमीच राहतात. अंगावर लाल ठिपके व निळसर डाग उठणे, घोळणा फुटणे, हिरड्यांतून रक्त येणे, पाळीत अतिरक्तस्राव होणे ही लक्षणे दिसतात. या विकाराला आयटीपी म्हणतात. बारा महिन्यांहून अधिक टिकल्यास तो जुनाट समजावा.

प्लेटलेट म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच प्लेटलेटना शत्रू समजते आणि त्या प्रामुख्याने प्लीहेत, म्हणजे पानथरीत, नष्ट होतात. त्यामुळे बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही टिकत नाहीत. जिवावर बेतणारा रक्तस्राव सोडल्यास पिशव्या चढवून फारसा लाभ होत नाही.

प्रथम निदान पक्के करावे. कधी कधी नळीतच प्लेटलेटच्या गुठळ्या होतात व यंत्र खोटा आकडा दाखवते. म्हणून काचपट्टीवर रक्त तपासून घ्यावे. यकृताचे विकार, एचआयव्ही, काही औषधे ही कारणेही वगळावी लागतात.

आकडा कमी म्हणजे लगेच औषध, असे नाही. प्रौढांत संख्या ३० हजारांच्या वर असून रक्तस्राव नसेल, तर बहुधा देखरेख पुरते. बहुतेक मुले सहा महिन्यांत आपोआप बरी होतात.

उपचार लागल्यास सुरुवात स्टेरॉइडने होते. ते स्वस्त व लवकर गुण देणारे आहे. मात्र जास्त दिवस घेतल्यास मधुमेह, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा मागे लागतो. साधारण सहा आठवड्यांत ते कमी करत थांबवावे, असा आजचा संकेत आहे. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे गोळ्या आणणे घातक आहे. तसेच डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणेही घातक.

स्टेरॉइड बंद करताच संख्या पुन्हा घसरली तर पुढील मार्ग उरतात.

प्लीहा काढणे : सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना दीर्घकाळ आराम पडतो. निदानानंतर शक्यतो वर्षभर थांबून हा निर्णय घेतात. पुढे जन्मभर जंतुसंसर्गाचा धोका राहतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी लसी घ्याव्यात, आणि नंतर थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एल्ट्रोम्बोपॅग : ही गोळी अस्थिमज्जेला अधिक प्लेटलेट तयार करायला लावते. ती रोज घ्यावी लागते, खर्चिक आहे, आणि यकृताची तपासणी करत राहावी लागते. दूध, दही, कॅल्शियम, लोह यांच्या दोन तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यावी. नाहीतर ती पोटात नीट शोषली जात नाही.

रिटुक्सिमॅब : हे शिरेतून देतात. अनेकांना गुण येतो, पण बऱ्याच जणांत तो काही वर्षांत ओसरतो. आधी कावीळ 'बी'ची तपासणी हवी.

डॅप्सोन, अॅझाथायोप्रिन : या गोळ्या स्वस्त, पण गुण सावकाश येतो व रक्ततपासणी चुकवता येत नाही.

निवड करताना रक्तस्राव किती, काम कोणते, खर्च किती झेपेल, गरोदरपणाचा विचार आहे का, हे डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडावे. ऊसतोडीसाठी सहा महिने परमुलखात राहणाऱ्याने प्लीहा काढल्यावर तापात दवाखाना जवळ असेल का, हे आधी पाहावे. त्यालाच रोजची महाग गोळी व तपासण्याही जड जातील. कोणती अडचण सोसता येईल, हे त्याच्या घरच्यांनीही मिळून ठरवावे. आपल्या भागातील रुग्णांना छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात तज्ज्ञांचा सल्ला घेता येईल.

अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके व कमरेतील इंजेक्शन टाळावे. तापाला पॅरासिटामॉल चालते. पपईच्या पानांचा रस या विकारावर सिद्ध झालेला नाही. गुळवेलही मनाने घेऊ नये. २०२० मध्ये मुंबईत ती घेणाऱ्या सहा जणांत यकृताला इजा आढळली होती.

तीव्र डोकेदुखी, काळी शौचास, न थांबणारा रक्तस्राव यांपैकी काहीही झाल्यास उद्याची वाट पाहू नये.