स्थळनामे, उत्सव आणि सामाजिक स्मृती : बेंडिगोचे उदाहरण

एखाद्या गावातील प्रेक्षणीय स्थळे व उत्सव आपण सहसा प्रवाशाच्या नजरेने पाहतो. भाषेचा अभ्यासक तेथे प्रथम नावांकडे लक्ष देतो. नाव कोणी दिले आणि ते कोणाच्या तोंडी टिकले, यावरून गाव कोणाचे मानले गेले याचा माग लागतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातले बेंडिगो हे सोन्याच्या खाणींचे जुने शहर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

येथे १८५१ मध्ये सोने सापडले. सरकारदरबारी पुढे शहराचे नाव ‘सँडहर्स्ट’ झाले. लोक मात्र ओढ्याच्या नावावरून ‘बेंडिगो’च म्हणत राहिले. ओढ्याला हे नाव एका मेंढपाळाच्या टोपणनावावरून मिळाले होते, आणि मेंढपाळाचे टोपणनाव एका इंग्रज मुष्टियोद्ध्यावरून पडले होते. मुष्टियोद्ध्याचे नावही बायबलमधील ‘अबेद्नगो’चा अपभ्रंशच! १८९१ मध्ये लोकांच्या तोंडचे हे नाव अधिकृत झाले.

ग्वांगडोंग प्रांतातून आलेले चिनी खाणकामगार आपल्या बोलीत या गावाला ‘दाई गम सान’, म्हणजे ‘सोन्याचा मोठा डोंगर’, म्हणत. या डोंगराकडे येण्याची वाट सोपी नव्हती. १८५५ च्या कायद्याने व्हिक्टोरियाच्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी व्यक्तीवर दहा पौंडांचा कर बसवला. तो टाळण्यासाठी हजारो माणसे दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब येथे उतरली आणि तेथून शेकडो किलोमीटर पायी चालत खाणींपर्यंत आली.

या समाजाचे लाल रंगाचे प्रार्थनामंदिर आजही वापरात आहे. त्याला ‘जॉस हाऊस’ म्हणतात. ‘जॉस’ हा शब्द चिनी वाटतो. पण तो ‘देव’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून व्यापारी संपर्कभाषेत आला, असे व्युत्पत्तिकोश सांगतात. मराठीला ‘पगार’ आणि ‘चावी’ देणारी भाषा अशी अनपेक्षित ठिकाणी भेटते.

आता ईस्टरच्या उत्सवाकडे वळू. तो १८७१ मध्ये सुरू झाला, तो रुग्णालय व निराधारांचा आश्रम यांना निधी मिळावा म्हणून. १८७९ मध्ये चिनी समाज त्याच्या मिरवणुकीत उतरला. ज्यांच्यावर गावात येण्यापूर्वीच कर लादला गेला होता, ते त्याच गावाच्या रुग्णांसाठी पैसा उभा करू लागले. मिरवणुकीतील ड्रॅगन रंगीत देखावा म्हणून पाहून पुढे जाणाऱ्या प्रवाशाला ही देवघेव दिसत नाही.

सेंट्रल डेबोरा ही १९५४ मध्ये बंद पडलेली खाणही पाहता येते. शिरस्त्राण व दिवा लावून प्रवासी भूगर्भात उतरतात. ओढ्याकाठचे सहज मिळणारे सोने संपल्यावर गारगोटीच्या खडकात किती खोल जावे लागले, याची तेथे कल्पना येते.

मिरवणुकीतील ‘लूंग’ म्हणजे ड्रॅगन. १९७० मध्ये ‘सन लूंग’, म्हणजे ‘नवा ड्रॅगन’, आला. शंभर मीटरांहून लांब असा हा ‘नवा’ ड्रॅगन आता १९९१ मध्ये उघडलेल्या गोल्डन ड्रॅगन संग्रहालयात विसावला आहे. नाव मात्र नवेच राहिले. २०१९ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या ड्रॅगनचे नाव ‘दाई गम लूंग’ असे आहे. त्यातील पहिले दोन शब्द ‘दाई गम सान’मध्ये आपल्याला आधीच भेटले आहेत.