पंख्यावर नाव असतं, वीजबिलावर नसतं

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या सभागृहात, देवळाच्या मंडपात किंवा वाचनालयात गेलात तर एकदा मान वर करून छताचा पंखा पाहा. पात्यावर रंगानं लिहिलेलं असतं, 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ'. कपाटावर नाव असतं, भिंतीवरच्या घड्याळावर असतं, बाकावर असतं. पण तो पंखा फिरवणाऱ्या विजेच्या बिलावर आजवर कुणी आपल्या आजोबांचं नाव घातलेलं नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींच्या पगाराला प्रायोजक मिळत नाही. संमेलनाला मिळतो, महोत्सवाला मिळतो. महोत्सव संपल्यावर उरलेल्या तीनशे साठ दिवसांना मिळत नाही.

कलेच्या आणि वाचनाच्या जगात सगळ्यात दुर्मीळ पैसा तो हाच: काही विशेष न घडणाऱ्या दिवसाचा. आणि चकित करणारी गोष्ट अशी की महाराष्ट्रानं नेमक्या याच पैशासाठी १९६७ मध्ये कायदा केला.

अहमदनगर जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावायला तेव्हा पंधरा वर्षं अवकाश होता. मराठी छापील पुस्तकं मोजकीच, वर्तमानपत्र ही तर नवलाई. अशा काळात सुरू झालेली संस्था आज दुसरं शतक संपवत आली आहे. राज्यात अशी लोकांनी काढलेली वाचनालयं गावोगाव होती. ती चालायची वर्गणीवर, एखाद्या संस्थानिकाच्या किंवा सावकाराच्या कृपेवर, आणि बऱ्याचदा एकाच वेड्या चिटणिसाच्या जिवावर. तो चिटणीस गेला की कुलूप.

देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानचा, १९४५ चा. मद्रासनं १९४८ मध्ये वेगळी वाट धरली: मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला आणि त्या पैशातून सार्वजनिक यंत्रणेनंच ग्रंथालयं चालवली. महाराष्ट्रानं उपकरही लावला नाही आणि लोकांची वाचनालयं ताब्यातही घेतली नाहीत. वाचनालय गावाचं, कार्यकारी मंडळ गावाचं, पुस्तकं निवडायची गावानं. सरकारनं फक्त रोजच्या खर्चाला हात लावायचा. या पैशाचं सरकारी नाव आहे परिरक्षण अनुदान. कलकत्त्याचं राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरच्या ग्रंथालयांना पुस्तकं, कपाटं, इमारतींसाठी मदत करतं, आणि ती मोलाचीच आहे. पण इमारत एकदा होते. कुलूप रोज उघडावं लागतं.

त्यासाठी ग्रंथालयांची वर्गवारी केली: जिल्हा, तालुका आणि इतर, आणि त्यात अ, ब, क, ड. पुस्तकं किती, सभासद किती, दैनिकं किती, रोज किती तास उघडं, यावर वर्ग ठरतो. वर्गावर अनुदानाची कमाल मर्यादा. अनुदानाचा निम्मा भाग पगारासाठी, निम्मा पुस्तकं, दैनिकं, भाडं, वीज वगैरेंसाठी. सगळा खर्च सरकार उचलत नाही; काही वाटा संस्थेला वर्गणी-देणगीतून उभा करावाच लागतो. म्हणजे गावाचं अंग त्यातून सुटत नाही. ही युक्ती मला फार हुशारीची वाटते. या एका कलमावर राज्यात हजारो ग्रंथालयं उभी आहेत, आणि त्यातलं जवळजवळ एकही सरकारच्या मालकीचं नाही.

आता आकडे. ते पाहिले की कौतुक जरा घशात अडकतं. ड वर्गाच्या, म्हणजे लहान गावातल्या वाचनालयाचं वार्षिक अनुदान दहा वर्षं ३०,००० रुपये होतं. बारानं भागा: महिना २,५००. त्यातला निम्मा पगार: १,२५०. रोजचे साधारण ४२ रुपये, आणि तेवढ्यात गावाच्या ग्रंथपालानं कुलूप उघडायचं, पेपर लावायचे, नोंदवही भरायची. २०२२ मध्ये राज्यानं अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा हा पगार महिना २,००० झाला. तरीही एवढ्याशा पैशावर दार उघडतं, हे खरं नवल आहे. नसते पैसे तर उघडलंच नसतं, हेही तितकंच खरं.

वाचनालयाला किमान पगार एकाचाच द्यायचा असतो. तमाशाच्या फडाचं काय?

संगमनेर हे या प्रश्नासाठी नेमकं गाव. शाहीर अनंत फंदी इथला. तमाशातली गाजलेली पवळा तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची. कांताबाई सातारकर इथेच राहिल्या आणि त्यांचा फड पुढे मुलगा रघुवीर खेडकर यांनी चालवला. मोठा फड म्हणजे ट्रक, तंबू, कनाती, जनरेटर आणि कलावंतांपासून बिगाऱ्यांपर्यंत शंभराच्या आसपास पोटं. दसऱ्याला बाहेर पडायचं आणि बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास परतायचं. हंगाम सुरू होण्याआधी कलावंतांना उचल द्यावी लागते; ती बहुधा व्याजानं काढलेली. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांत ठरतात, गुढीपाडव्याच्या सुमाराला. जत्रांच्या त्या मोसमात वर्षाचं गणित बसलं तर बसलं. पावसाळ्यात मिळकत शून्य, पण ढोलकी शिकणाऱ्या पोराला रियाज तेव्हाच करायचा असतो आणि नव्या वगाची तालीमही तेव्हाच.

हे गणित दर वर्षी अवघड का होत जातं, याचं उत्तर विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दिलं. कापडाच्या गिरणीत नवं यंत्र आलं की तितक्याच माणसांकडून दुप्पट कापड निघतं, म्हणून पगार वाढले तरी कापड महागत नाही. पण बेथोव्हेनची चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघंच वाजवायचे आणि आजही चौघंच लागतात, वेळही तितकाच. पगार मात्र जगाबरोबर वाढवावे लागतात. म्हणून जिवंत कला दर वर्षी थोडी अधिक महाग होते, कुणी उधळपट्टी न करता. आपल्याकडे लावून पाहा: गवळणीतली मावशी निम्मी करता येत नाही, सोंगाड्या आणि सरदार एकाच माणसात भागवता येत नाहीत. फड तोट्यात जातो तो मालकाला हिशेब येत नाही म्हणून नव्हे. तोटा त्या कलेच्या हाडातच आहे. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा गावोगावच्या बंद पडलेल्या नाटक मंडळ्यांवरचा निम्मा राग गेला.

युरोपात हे राज्यकर्त्यांना दुसऱ्या महायुद्धानं शिकवलं. लंडनचं कॉव्हेंट गार्डन हे ऑपेराचं थिएटर युद्धकाळात नाचघर म्हणून भाड्यानं दिलं होतं. तिथे १९४६ मध्ये पुन्हा रंगमंच उभा राहिला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सरकारी पैशावर पण सरकारपासून अंतर राखून चालणारी कला परिषद स्थापन झाली. तिच्यामागे होते जॉन मेनार्ड केन्स, अर्थशास्त्रज्ञच.

पण नित्य खर्चाची सोय करायला नगर जिल्ह्यानं लंडनकडे पाहायचं कारण नव्हतं. ज्यांचं नाव आता जिल्ह्याला आहे, त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या. त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं आणि घाट बांधले, हे शाळेत शिकवतात. बांधून झाल्यावर काय, हे शिकवत नाहीत. पूजा, दिवाबत्ती, नैवेद्य, अन्नछत्र यांच्या कायमच्या खर्चाची तजवीज त्यांनी करून ठेवली, आणि तीही दौलतीच्या तिजोरीतून नव्हे तर होळकरांच्या 'खासगी'च्या उत्पन्नातून. ही खासगी मुळात मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंकडून चालत आलेली. त्या धर्मादायाचा कारभार पाहणारा खासगी ट्रस्ट १९६२ मध्ये झाला, आणि तो आजही आहे. अठराव्या शतकातली ही व्यवस्था आजच्या कुठल्याही अनुदान योजनेच्या तोंडात मारेल.

त्याच अहिल्याबाईंची आणि अनंत फंदीची एक गोष्ट सांगतात. फंदी महेश्वरला गेला तेव्हा बाईंनी त्याला तमाशा सोडायला सांगितलं. त्यानं डफ फोडला आणि कीर्तनकार झाला. आख्यायिकाच ती, पण अनुदानाबद्दल सगळं सांगून जाते. रोजच्या दिव्याचं तेल पुरवणारा हात कुठला दिवा लावायचा हेही ठरवतो. त्या तजविजीत देऊळ बसलं, तमाशा बसला नाही. पुढे कित्येक पिढ्या बसला नाही.

आता बसतो, पण अर्धाच. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा कलांना भांडवली अनुदान आणि प्रयोग अनुदान देतं. एकात कनात आणि जनरेटर येतो, दुसऱ्यात झालेला खेळ. मधला काळ दोन्हीत बसत नाही. राज्य नाट्य स्पर्धेचंही तसंच. नगर हे तिचं जुनं केंद्र, नाटकासाठी खर्च मिळतो, पण वर्षभर तालमीची खोली कुणाच्या खात्यावर? केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाकडे एक योजना आहे, गुरु-शिष्य परंपरेसाठीची, आणि ती सरळ पगार देते: गुरूला महिना १५,००० रुपये, शिष्याला वयानुसार १०,००० पर्यंत, एका संस्थेत अठरा शिष्यांपर्यंत. खरोखरच रोजचा पैसा! मात्र तो नोंदणीकृत, ना-नफा संस्थेला. फड बहुधा मालकाच्या नावावर चालतो.

मधल्या काळाचा पैसा नसला की काय होतं, ते २०२० मध्ये दिसलं. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. नेमका सुपाऱ्यांचा मोसम. जत्रा रद्द, खेळ नाही म्हणून प्रयोग अनुदान नाही, आणि दिलेली उचल कलावंतांच्या घरात खर्चून गेलेली. वाचनालयंही बंद होती, पण 'बंद' या अवस्थेलाही लागणाऱ्या खर्चाची जागा त्यांच्या नियमात आहे. फडाच्या नियमात ती नाही. कांताबाई पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, करोनानं गेल्या.

तमाशाच्या फडांना खेळामागे पैसे देणं पुरेसं नाही. त्यांचीही वर्गवारी व्हावी, किती कलावंत, किती महिने तालीम, नवा वग बसवला का, हे तपासावं आणि पावसाळ्याचे चार महिने धरून वर्षाचं परिरक्षण अनुदान मिळावं. काही वाटा फडानं स्वतः उभा करावा. यासाठी नवी कल्पना लढवायची गरज नाही. १९६७ चा कायदा समोर आहे, तो वाचनालयांपुरताच ठेवायचं एकही कारण मला दिसत नाही.